देवाकडे काय तारण ठेवायचं?

तुम्ही विचारलं आहे ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तुम्ही तिसऱ्या पिढीतले ख्रिस्ती. व्यसन नाही, दशांश (कमाईचा दहावा भाग मंडळीला देणं) चुकत नाही, कोणाचा पैसा बुडवला नाही, आईवडिलांना शेवटपर्यंत सांभाळलं. तरी दर रविवारी उपदेशात ऐकावं लागतं की माणूस पापी आहे, त्याच्या चांगुलपणाने तारण, म्हणजे पापातून सुटका, होत नाही, ते देवाच्या कृपेनेच होतं. तुमचे प्रश्न तीन. हा माणसाचा अपमान नाही का? कृपाच सगळं करणार असेल तर चांगलं वागायचं कशाला? आणि गर्व पाप असेल तर स्वाभिमानाचं काय? मग शेवटी, जाता जाता लिहावी तशी एक ओळ तुम्ही लिहिली आहे. धाकटा भाऊ बारा वर्षं दारूत होता, आता मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, परत आलाय, देवाने आपल्याला कसं बदललं याची उभं राहून साक्ष देतो, सगळे त्याला डोक्यावर घेतात, आणि तुम्हाला ते बघवत नाही.

त्या ओळीकडे मी शेवटी येणार आहे. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न तिथे आहे.

मी ३४ वर्षं पाळकाचं काम केलं. बराच काळ नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत, नंतर शहरात. सुरुवातीच्या वर्षांत एका गावात घरप्रार्थना झाली, चहा झाला, आणि एक वयस्कर शेतकरी मला म्हणाले, "साहेब, तुम्ही तारण तारण म्हणता, पण आम्ही ठेवायचं काय? सातबाऱ्यावर तर सोसायटीचा बोजा आहे." बसलेले लोक हसले. ते गृहस्थ मात्र मनापासून विचारत होते. त्यांच्या आयुष्यात हा शब्द एकाच ठिकाणी भेटला होता. कर्ज हवं असेल तर जमीन तारण ठेवायची, नाहीतर बायकोचे दागिने. ज्याच्याकडे ठेवायला काही नाही, त्याला कोणी दारात उभं करत नाही.

मी त्यांना शब्दाचे दोन अर्थ समजावून सांगितले आणि विषय संपला असं समजलो. पुढच्या काळात माझ्या लक्षात आलं की शिकलेली, जन्मापासून चर्चमध्ये बसणारी माणसंही हाच प्रश्न मनात घेऊन येतात, फक्त तो उच्चारत नाहीत. एक जण दशांश तारण ठेवतो. दुसरा घराणं ठेवतो, पणजोबांचा बाप्तिस्मा कोणत्या मिशनरीने केला ते सांगतो. तिसरा आपले अश्रू ठेवतो, किती रडून पश्चात्ताप केला ते सांगतो. सावकाराकडे तारण आपण द्यायचं असतं. शास्त्रात तारण आपल्याला दिलं जातं. हा फरक डोक्याला पाच मिनिटांत कळतो, पण हाताला कळायला आयुष्य जातं, कारण हात सारखे खिशाकडे जातात.

यासाठी मला जुन्या करारातली नामानाची गोष्ट सगळ्यात जवळची वाटते (२ राजे, अध्याय ५). सहसा ती रविवारच्या शाळेत मुलांना सांगतात आणि मोठ्यांना सांगायची राहून जाते. नामान हा अरामाच्या (आजच्या सीरियाकडच्या) राजाचा सेनापती, पराक्रमी, राजाच्या मर्जीतला. त्याला कातडीचा असाध्य रोग झाला होता. त्याच्या घरात इस्राएलातून पकडून आणलेली एक लहान मुलगी दासी होती. तिने सांगितलं की शोमरोनात एक संदेष्टा आहे, तो बरं करील. नामान निघाला तो रिकाम्या हाताने नव्हे. बरोबर दहा किक्कार रुपं (चांदी), सहा हजारांचं सोनं, दहा पोशाख आणि राजाचं पत्र. एक किक्कार म्हणजे साधारण ३० ते ३५ किलो, म्हणजे चांदीच तीनशे किलोच्या वर झाली. आपण काय तारण ठेवणार हे त्याने घरूनच ठरवून आणलं होतं.

तो रथ आणि घोडे घेऊन त्या संदेष्ट्याच्या, अलीशाच्या, दारात उभा राहिला. अलीशा बाहेरसुद्धा आला नाही. नोकराकरवी निरोप पाठवला, यार्देन नदीत सात वेळा बुडी मार, बरा होशील. नामान संतापला. त्याचं रागाचं बोलणं शास्त्रात जसंच्या तसं आहे आणि ते फार प्रामाणिक आहे. मला वाटलं होतं की तो माझ्याकडे येईल, उभा राहील, आपल्या देवाचं नाव घेईल, हात फिरवील. आणि आमच्या दिमिष्कातल्या (दमास्कसमधल्या) अबाना आणि परपर या नद्या इस्राएलातल्या सगळ्या पाण्यापेक्षा चांगल्या नाहीत का? रोग त्याला नकोच होता. पण बरं होण्याची रीत आपल्या मोठेपणाला शोभेल अशी असावी, एवढीच त्याची अट होती.

शेवटी त्याचे चाकर त्याला म्हणाले, बाबा, संदेष्ट्याने काही मोठं करायला सांगितलं असतं तर तुम्ही केलं नसतं का? मग नुसतं स्नान कर म्हटलं तर किती सोपं!

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या समजुतीप्रमाणे चाकरांच्या या वाक्यात आहे. देवाने काही अवघड मागितलं असतं तर आपला अपमान झाला नसता. चाळीस दिवस उपास कर म्हटलं असतं तर आपण केला असता, आणि एकेचाळिसाव्या दिवशी सांगितलाही असता. कृपा अपमानास्पद वाटते ती तिच्यात आपल्याला सांगण्यासारखं काही उरत नाही म्हणून. प्रेषित पौल इफिसकरांना लिहितो की तारण हे देवाचं दान आहे, कर्मांनी झालेलं नाही, आणि त्याचं कारणही देतो: कोणी आढ्यता बाळगू नये म्हणून (इफिस २:८-९). देवाने ही रीत मुद्दाम अशी ठेवली आहे. आणि नामानाच्या गोष्टीत आणखी एक बघा. त्याला वाट दाखवणारे सगळे त्याच्या हाताखालचे आहेत. दासी, निरोप्या, चाकर. कृपा त्याच्याकडे खालून आली.

बरा झाल्यावर नामान परत आला आणि भेट देऊ लागला. अलीशाने शपथेवर नाकारली. मग अलीशाचा नोकर गेहजी मागून धावत गेला, खोटं सांगून दोन किक्कार रुपं आणि दोन पोशाख घेऊन आला, आणि नामानाचा रोग गेहजीला चिकटला. ही शिक्षा फार कडक आहे असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटत नाही. नामान आपल्या देशात जाऊन सांगणार होता की इस्राएलाच्या देवाने मला फुकट बरं केलं. गेहजीने त्या कृपेला पावती फाडली. आमच्या पेशातल्या माणसांनी हा भाग भिंतीवर लावून ठेवावा.

आता थोडा इतिहास, कारण तुमची शंका सोळाशे वर्षं जुनी आहे आणि ती प्रथम उघडपणे मांडणारा माणूस वाईट नव्हता. पेलाजियस हा मूळचा ब्रिटनचा, रोममध्ये राहणारा, अतिशय शिस्तीचा ख्रिस्ती. रोममधल्या ख्रिस्ती लोकांचं ढिलं वागणं पाहून तो अस्वस्थ होता. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टिन याची एक प्रार्थना त्याच्या कानावर आली: देवा, जे तू आज्ञापितोस ते करण्याचं बळ तूच दे, आणि मग हवी ती आज्ञा कर. पेलाजियसला हे ऐकून राग आला. असं शिकवलं तर लोक हातपाय गाळून बसतील, म्हणतील देवाने बळ दिलं नाही म्हणून आम्ही पाप केलं. त्याचं म्हणणं, देवाने आज्ञा दिली त्याअर्थी माणसाला ती पाळता येते. तुमचा दुसरा प्रश्न आणि हा राग एकाच घरातले आहेत, आणि त्या रागाबद्दल मला आदर आहे.

पण ऑगस्टिनचं उत्तर हवेतून आलेलं नव्हतं. त्याचं स्वतःचं मत आधी असं होतं की कृपा देवाची खरी, पण विश्वासाचं पहिलं पाऊल माणसाचं. ३९६ च्या सुमारास पौलाची पत्रं पुन्हा वाचताना तो एका वचनापाशी अडला: "तुला मिळाले नाही असे तुझ्याजवळ काय आहे?" (१ करिंथ ४:७). पहिलं पाऊलसुद्धा आपलं म्हणायची सोय त्या प्रश्नाने ठेवली नाही. म्हातारपणी त्याने हे मोकळेपणी लिहून ठेवलं की आपलं आधीचं मत चुकीचं होतं. गर्वाविषयी इतकं लिहिणाऱ्या माणसाने स्वतःची चूक लेखी कबूल केली, हे मला त्याच्या युक्तिवादाइतकंच महत्त्वाचं वाटतं. पुढे ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने पेलाजियसची शिकवण नाकारली, आणि ५२९ साली ऑरेंजच्या सभेने म्हटलं की विश्वासाची सुरुवातही कृपेनेच होते.

कोणी तुम्हाला सांगेल की हे सगळं प्रोटेस्टंटांचं आहे, कॅथलिक लोक कर्मांनी तारण मानतात. तसं नाही. १५४७ साली कॅथलिकांच्या ट्रेंटच्या धर्मसभेने, प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरविरुद्ध बोलतानाही, हे मान्य केलं की नीतिमान ठरवणारी कृपा आपल्या विश्वासाने किंवा कर्माने कमावलेली नसते. पुढचे मतभेद खरे आहेत, पण ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग इथे लूथरन (ल्यूथरच्या परंपरेतल्या) आणि कॅथलिक प्रतिनिधींनी या विषयावर संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. वसईचा किंवा गोव्याचा तुमचा मित्र आणि तुम्ही या एका बाबतीत वाटतं त्यापेक्षा पुष्कळ जवळ आहात.

परूशी आणि जकातदार यांचा दाखला (लूक १८) तुम्हाला पाठ असेल: धर्म काटेकोर पाळणारा परूशी आणि लोकांना नकोसा कर गोळा करणारा जकातदार मंदिरात प्रार्थना करतात, आणि देवाला जकातदाराची पसंत पडते. म्हणून एकच गोष्ट सांगतो, जी माझ्याही फार उशिरा लक्षात आली. परूश्याची प्रार्थना "देवा, मी तुझे आभार मानतो" अशी सुरू होते. तो आपल्या चांगुलपणाचं श्रेय देवाला देतोय! तत्त्व म्हणून विचारलं तर तोही म्हणाला असता की सगळं देवाच्या कृपेने. तो खोटं बोलत नाही. आठवड्यातून दोनदा उपास करतो, नियमशास्त्रात वर्षातून प्रायश्चित्ताचा एकच दिवस सांगितला असताना. मग बिघडलं कुठे? पुढच्या शब्दात. "इतर माणसांसारखा" नाही, आणि "ह्या जकातदारासारखा"ही नाही. त्याला स्वतःची उंची मोजायला शेजारी एक बुटका माणूस लागतो. जकातदाराच्या प्रार्थनेत दुसरा माणूसच नाही, देव आणि तो, एवढेच.

म्हणजे कृपेची भाषा तोंडात असूनही गर्व जिवंत राहू शकतो. मी हे व्यासपीठावर वर्षानुवर्षं पाहिलं आणि केलंही. "प्रभूच्या कृपेने" असं म्हणून आम्ही पाळक जे सांगतो, त्यात कित्येकदा कृपा प्रस्तावनेपुरती असते.

गर्वाचं सगळ्यात अवघड रूप मला माझ्याच घरात, माझ्याच खाटेवर सापडलं. २०११ साली मी पडलो आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पुढे पाच आठवडे अंथरुणावर. बायकोच्या गुडघ्यांमुळे तिला मला उचलणं शक्य नव्हतं. मंडळीतला एक तरुण रोज सकाळी सहाला यायचा, एमआयडीसीतल्या पाळीला जायच्या आधी. माझं भांडं न्यायचा, अंग पुसायचा, चादर बदलायचा. या मुलाला काही वर्षांपूर्वी मी एका प्रकरणात प्रभुभोजनापासून (चर्चमधल्या भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीपासून) दूर ठेवलं होतं, आणि ते करताना गरजेपेक्षा जास्त कडक बोललो होतो. मला त्याचं येणं सहन होईना. चौथ्या दिवशी मी उशीखाली पाचशेची नोट ठेवली आणि त्याच्या हातात कोंबली. त्याने ती परत उशीखाली सारली आणि म्हणाला, "साहेब, एवढं तरी घ्या माझ्याकडून."

मी तोपर्यंत कृपेवर किती उपदेश केले असतील त्याची गणती नाही. त्या सकाळी कळलं की माझ्या उशीखाली नामानाची चांदी होती.

योहान १३ मध्ये येशू शिष्यांचे पाय धुतो तेव्हा पेत्र म्हणतो, तुम्ही माझे पाय कधीही धुवायचे नाहीत. ऐकायला किती नम्र! आपल्याकडे तर हे संस्कार म्हणून शिकवतात, मोठ्यांकडून सेवा करून घेऊ नये. पण येशूचं उत्तर कडक आहे: मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. पेत्राची ती नम्रता त्याला येशूपासून तोडणार होती. देणारा वर असतो, घेणारा खाली. आपल्याला कायम देणारं राहायचं असतं. देवाच्या बाबतीतसुद्धा.

आपल्याच मातीतलं एक उदाहरण द्यायचं तर पंडिता रमाबाईंचं. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं तेव्हा त्या विशीच्या होत्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. नंतर अमेरिका, तिथे हिंदुस्थानातल्या विधवांसाठी मदत उभी करणं, १८८९ साली मुंबईत शारदा सदन. कामाच्या हिशोबाने पाहिलं तर एवढं काम करणारी माणसं एका पिढीत किती सापडतील? आणि तरी १९०७ साली आपली साक्ष लिहिताना त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी आपल्याला कळलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचं जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. बुद्धीला पटलं होतं, मन मात्र भार वाहतच होतं.

मी रमाबाईंवर गर्वाचा आरोप करत नाही, माझी ती पात्रता नाही. मला एवढंच दिसतं की त्या आठ वर्षांची यादी देवापुढे तारण म्हणून ठेवता आली असती आणि त्यांनी ती ठेवली नाही. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं, दुष्काळातल्या मुली आणि बायका तिथे आल्या. आणि या संस्कृत पंडितेने हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं, तेही मुद्दाम सोप्या मराठीत, कमी शिकलेल्या बायकांना वाचता यावं म्हणून. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या, त्याच्या थोडंच आधी ते काम हातावेगळं झालं. विद्वत्ता टाकून दिली नाही, तिचा उपयोग बदलला. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला यापेक्षा चांगलं उत्तर मला देता येणार नाही. इफिस २ मध्ये आठव्या-नवव्या वचनांनंतर लगेच दहावं आहे, आणि लोक ते वाचायचं सोडून देतात: आपण सत्कृत्यं करण्यासाठी निर्माण केलेली त्याची हस्तकृती आहोत. झाडाला फळ लागतं ते जिवंत आहे म्हणून. फळं दाखवून कोणी मुळं विकत घेत नाही. आणि "कृपा वाढावी म्हणून आपण पापात राहावे काय?" हा प्रश्न पौलाने स्वतःच विचारून ठेवला आहे (रोम ६), त्याचं उत्तरही तिथेच आहे: कधीच नाही.

स्वाभिमानाचा प्रश्न मात्र इतका सरळ नाही आणि इथे मला आमच्या लोकांवर थोडा राग आहे. महाराष्ट्रातल्या मंडळ्यांमधली पुष्कळ घरं गावकुसाबाहेरून आलेली. ज्यांच्या आज्यांना पाणवठ्यावर पाय ठेवू दिला नाही, ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या खाली बघायला शिकवलं, त्यांच्यापुढे उभं राहून "तू काहीच नाहीस, मान खाली घाल" असा उपदेश करणं हे शुभवर्तमान नव्हे. येशूची आई मरीया हिच्या स्तोत्रात (लूक १) देव गर्विष्ठांची दाणादाण करतो, अधिपतींना आसनांवरून ओढून काढतो आणि दीनांना उंच करतो. एकच कृपा, पण ती एका माणसाला खाली आणते आणि दुसऱ्याला उठवून उभं करते. मी देवाच्या प्रतिरूपाने घडलेला आहे, माझ्यासाठी ख्रिस्त मेला, म्हणून मी कोणापुढे वाकणार नाही, हा स्वाभिमान आहे, तो कृपेतूनच येतो आणि त्याला धक्का लावायचा पाळकाला अधिकार नाही. गर्व वेगळा. मी तुझ्यापेक्षा बरा, म्हणून माझा हक्क जास्त, असं तो म्हणतो. ओळखायची एक खूण सांगतो. स्वाभिमानी माणसाला शेजाऱ्याचा मान वाढला तर काही होत नाही. गर्विष्ठ माणसाचा तेवढ्याने कमी होतो.

तसंच निराशेचं. "माझ्यासारख्याला देव क्षमा करणं शक्य नाही" असं म्हणणारी माणसं पाळकाकडे खूप येतात. पुस्तकांत लिहिलेलं असतं की हाही उलटा गर्व, देवाच्या निवाड्यावर आपला निवाडा. तत्त्वतः बरोबर आहे. पण हे वाक्य मी फार जपून वापरतो. पूर्वी एकदा एका बाईंना हे तोंडावर सांगितलं आणि नंतर कळलं की त्या नैराश्याच्या आजारात होत्या, झोप नाही, जेवण नाही. त्यांना डॉक्टरची गरज होती आणि मी त्यांच्या ओझ्यावर आणखी एक पाप ठेवलं. त्यानंतर आधी झोप-जेवण विचारतो, उपदेश मागाहून.

आता तुमच्या भावाकडे येतो.

लूक १५ मधला उधळ्या मुलाचा दाखला आपण धाकट्याच्या नावाने ओळखतो: वाटणी घेऊन गेला, सगळं उधळून परत आला, आणि बापाने त्याच्यासाठी पंगत घातली. पण येशूने तो कोणाला सांगितला हे अध्यायाच्या सुरुवातीला आहे: जकातदार आणि पापी लोक येशूजवळ येत होते म्हणून कुरकुर करणाऱ्या परूशी आणि शास्त्री लोकांना. म्हणजे दाखला ज्यांच्यासाठी आहे तो माणूस शेतातून घरी येणारा थोरला. गाणंबजावणं ऐकून तो बाहेरच थांबतो. मग म्हणतो, मी इतकी वर्षं तुमची सेवाचाकरी करतोय, तुमची आज्ञा कधी मोडली नाही, तरी मित्रांबरोबर मजा करायला तुम्ही मला एक करडूसुद्धा दिलं नाही. मग धाकट्याबद्दल बोलताना तो "माझा भाऊ" म्हणत नाही, "हा तुमचा मुलगा" म्हणतो. तुमच्या पत्रात भावाचं नाव एकदाही नाही, "तो" आणि "त्याला" एवढंच आहे. रागावू नका, पण मला ते दिसलं.

थोरल्याचा हिशोब खोटा नाही. शेत त्यानेच राखलं. तुमचाही खोटा नाही, आईवडिलांची शेवटची वर्षं तुम्ही काढलीत, रात्रीअपरात्री पोलीस चौकीतून भावाला सोडवून आणायलाही तुम्हीच गेला असाल. त्याची कोणी साक्ष मागितली नाही, टाळ्या वाजवल्या नाहीत. हे दुःख खरं आहे आणि मंडळीने ते बघायला हवं होतं. पण थोरल्याच्या तोंडून जे बाहेर पडलं ते बघा: इतकी वर्षं तो बापाच्या घरात राहिला मुलासारखा नाही, पगार थकलेल्या गड्यासारखा. धाकटा परत येताना "मला तुमच्या मजुरांपैकी एकासारखं ठेवा" म्हणायचं ठरवून आला होता, आणि बापाने त्याला ते वाक्य पुरं करू दिलं नाही. थोरला मात्र घरात राहून मजूर झाला होता. भावाला फुकट मिळालेलं बघवत नाही, याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं की आपल्याला जे मिळालं ते आपण फुकट समजलेलंच नसतं. तुम्हाला मिळालं तीही कृपाच आहे, फक्त दारू न पिता मिळालेली. व्यसन न लागणं, आईवडील सांभाळायची ताकद असणं, हे सगळं तुम्ही स्वतः कमावलंत का? करिंथकरांना विचारलेला तो प्रश्न इथे पुन्हा विचारून बघा.

आणि बाप बाहेर आला, हे विसरू नका. धाकट्यासाठी तो धावत गेला, तसाच थोरल्यासाठीही घरातली पंगत सोडून उठला. "बाळा, तू माझ्याबरोबर नेहमीच आहेस, आणि माझे जे काही आहे ते सर्व तुझेच आहे." करडाचा हिशोब त्याने काढलाच नाही.

काय करायचं म्हणाल तर दोन साध्या गोष्टी. पहिली, प्रार्थनेत "आम्ही सर्व पापी आहोत" हे वाक्य काही दिवस बंद ठेवा. सगळ्यांच्या पापात आपलं पाप लपतं. एकच नेमकी गोष्ट सांगा, तारीख आणि माणूस यांच्यासकट. भावाच्या साक्षीच्या दिवशी मनात काय आलं, तिथून सुरुवात करता येईल. देवाला ते नवीन नाही, पण तुम्ही स्वतःच्या तोंडून ते ऐकलेलं नाही.

दुसरी. तुमच्या पत्रात आहे की परत आल्यापासून भावाने तुम्हाला तीनदा जेवायला बोलावलं आणि तुम्ही कामाचं निमित्त सांगितलं. तुम्हीच त्याला आपल्या घरी बोलवाल, हे तुम्हाला सोपं जाईल, आणि म्हणूनच ते नको. त्याच्या घरी जा. जाताना मिठाईचा मोठा खोका नेऊ नका. त्याची बायको वाढेल ते खा, हवं तर दोनदा मागून घ्या. आणि निघताना मुलांच्या हातात पैसे देण्यासाठी हात खिशाकडे गेला, तर तो तिथेच थांबवा.